कस्टम चार्टसाठी रिमोट डेव्हलपर शोधताय? आधी धरणांचं गणित बघा

जुलैत दोन दिवस सलग पाऊस लागला की पुण्यातल्या यच्चयावत व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, खडकवासला १०० टक्के भरलं, खाली टाळ्यांची रांग, आणि कोणीतरी भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा मागच्या वर्षीचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकतोच. आता गंमत बघा. पुण्याजवळच्या साखळीतल्या चार धरणांपैकी खडकवासल्याची क्षमता आहे १.९७ टीएमसी. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, चारी मिळून २९.१५. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. म्हणजे खडकवासला काठोकाठ भरलं तरी साखळीच्या क्षमतेतलं जेमतेम सात टक्के पाणी आलं, आणि पानशेत नुसतं अर्धं भरलेलं असलं तरी तिथे खडकवासल्याच्या अडीचपटीहून जास्त पाणी आहे. पण फॉरवर्डमध्ये काय असतं, तर सारख्याच आकाराची चार गोल चक्रं, प्रत्येकात टक्के लिहिलेले. आकडे सगळे खरे आणि चित्र मात्र साफ दिशाभूल करणारं.

कस्टम डेटा व्हिज्युअलायझेशन नावाची भानगड सुरू होते ती इथून. तयार चार्टमधून जे नीट दिसत नाही ते दिसेल असं चित्र तुमच्या डेटासाठी मुद्दाम बनवून घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. रंगीबेरंगी, हलणारं, गोल गोल फिरणारं म्हणजे कस्टम नव्हे, हे क्लायंटला सांगता सांगता माझे केस पांढरे व्हायला लागलेत.

आमचं बाणेरला छोटं ऑफिस आहे, अकरा माणसं, चाकण-भोसरीतल्या कारखान्यांना मशीनचा डेटा स्क्रीनवर दाखवायचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे चार्ट हाच धंदा म्हणा ना. आणि तरीही या कामाला रिमोट माणूस नेमायला आम्ही दोन वर्षांत तीनदा शोधाशोध केली आणि एकदा चांगले तोंडावर आपटलो. मित्रमंडळी सारखी विचारतात की कसा शोधायचा, काय विचारायचं, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

पहिलं म्हणजे तुम्हाला खरंच कस्टम लागतंय का ते बघा. दहातल्या सात वेळा नाही लागत, हा माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही. महिन्याची विक्री, विभागवार खर्च, मागच्या वर्षीशी तुलना, एवढंच असेल तर पॉवर बीआय किंवा टॅब्लोसारखं तयार चार्टचं सॉफ्टवेअर घ्या, वेबसाइटवर हवं असेल तर चार्ट.जेएस किंवा ई-चार्ट्स फुकट आहे (ई-चार्ट्स मूळचं चीनच्या बायडू कंपनीतलं, आता अपाचे फाउंडेशनकडे), आणि हे लावायला साधा वेब डेव्हलपर पुरतो. कस्टमवाला कधी लागतो, तर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहिता येतो पण कुठल्याही तयार चार्टमध्ये त्याचं उत्तर दिसत नाही तेव्हा. ते एक वाक्य लिहूनच बघा, भल्याभल्यांची गाडी तिथेच अडते. "कुठलं धरण किती भरलं" आणि "साखळीत एकूण पाणी किती आणि ते कुठे आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची चित्रंही वेगळी. फॉरवर्डवाला पहिल्याचं उत्तर देतो आणि वाचणारा ते दुसऱ्याचं समजून गाडी धुवायला काढतो.

या क्षेत्रात एक नाव सारखं कानावर पडेल, डी३. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधून आलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा कोडचा संच, माइक बोस्टॉक आणि त्याच्या सोबत्यांची. बऱ्याच जणांना वाटतं की हे पण चार्टचंच एक पॅकेज आहे, तसं नाहीये. डी३ला "बार चार्ट काढ" असं सांगायची सोयच नाही. तुम्ही सांगायचं की ० ते १२.८२ टीएमसी म्हणजे ० ते ४०० पिक्सेल, मग प्रत्येक आकड्याला किती पिक्सेल हे तो मोजून देतो, पण चौकोन कुठे काढायचा, रंग कुठला, बोट ठेवलं की काय दिसायचं, हे सगळं माणसानं ठरवायचं. म्हणून त्यात काय वाट्टेल ते बनवता येतं, आणि म्हणूनच साध्या गोष्टीला पण वेळ लागतो. कोणी म्हणालं की डी३मध्ये वीस चार्टचा डॅशबोर्ड तीन दिवसांत देतो, तर एक तर तो फार मोठा कलाकार आहे किंवा कुठून तरी उचलून चिकटवणार आहे.

उचललेला कोड ओळखायची एक छोटी खूण सांगतो. डी३च्या सहाव्या आवृत्तीत, २०२० साली, माऊसच्या घटना (क्लिक, हालचाल) पकडायची पद्धत बदलली, जुनं "डी३ डॉट इव्हेंट" काढूनच टाकलं. नेटवर जुनी उदाहरणं ढिगानं पडलीत, ती नव्या आवृत्तीत जशीच्या तशी चालत नाहीत. मुलाखतीत सहज विचारा की हे का चालत नाही. ज्यानं स्वतः हाताने काम केलंय तो हसतो आणि त्यात किती वेळ गेला होता ते सांगतो. आता एआय कोड लिहून देतं हे मान्य, आमच्याकडे पण सगळे वापरतात, त्यात लाज कसली, फक्त लिहून आलेल्या कोडची प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे.

आता आमचा पराक्रम ऐका.

पहिल्यांदा घेतला तो मुलगा हुशारच होता, खोटं कशाला बोलू. पोर्टफोलिओ बघून आम्ही सगळे चाट. त्यानं आमच्यासाठी बनवलेला डेमो पण झकास होता, बारा मशीनच्या बारा पट्ट्या, प्रत्येक रीडिंगचा एक ठिपका, ठिपक्यावर माऊस नेला की वेळ आणि आकडा. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण. मग आम्ही भोसरीला क्लायंटकडे गेलो, कारखान्याचे मालक, त्यांचा मुलगा, मेंटेनन्सचे दोन लोक, चहा आला, प्रोजेक्टर लावला, खरा डेटा जोडला, आणि स्क्रीन पांढरी. अर्धा मिनिट गेलं, एक मिनिट गेलं, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला, शेवटी ब्राउझरनं हात टेकले. मालक शांतपणे म्हणाले, "साहेब, आमचं मशीन सुरू व्हायला एवढा वेळ नाही लागत."

झालं काय होतं? डेमोत प्रत्येक मशीनची ५०० रीडिंग होती, म्हणजे सगळे मिळून ६,००० ठिपके. खरं मशीन दर सेकंदाला एक रीडिंग पाठवतं. दिवसाला ८६,४००. बारा मशीन म्हणजे १० लाख ३६ हजार ८०० ठिपके. आणि त्यानं काम केलं होतं एसव्हीजीमध्ये, ज्यात प्रत्येक ठिपका ही ब्राउझरसाठी एक स्वतंत्र वस्तू असते, तिची नोंद ठेवायची, तिच्यावर माऊस आला का बघत राहायचं. काही हजार वस्तू ब्राउझर आरामात सांभाळतो, दहा लाख नाही. त्याऐवजी कॅनव्हास वापरला तर सगळं मिळून एकच चित्र असतं, ब्राउझरला ठिपक्यांशी काही देणंघेणं नसतं, काम हलकं होतं, पण मग माऊस कुठल्या ठिपक्यावर आहे हे तुम्हाला स्वतः हिशेब करून शोधावं लागतं. त्याच्याही पुढे वेबजीएल, ते काम थेट ग्राफिक्स कार्डाकडे देतं, नकाशावर लाखो बिंदू टाकायचे असतील तर तेच, उबरमधून आलेली डेक.जीएल लायब्ररी त्याचसाठी वापरतात. चूक त्या मुलाची जेवढी तेवढीच आमची, कारण खरा डेटा किती मोठा आहे हे त्यानं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलंही नाही.

यातली खरी मेख मला नंतर समजली, आणि समजावली ती दुसऱ्यांदा घेतलेल्या मुलीनं. ती मिरजेहून काम करते. पहिल्या कॉलवर मी माझं पुराण सुरू केलं, आम्हाला असा असा चार्ट हवा, कॅनव्हासच हवा वगैरे, तोंड पोळलेलं ना. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, स्क्रीनवर चार्टची रुंदी किती ठेवायची आहे?" मी म्हटलं असेल १४००-१५०० पिक्सेल. ती म्हणाली, १४४० धरू, मग ८६,४०० रीडिंग १४४० पिक्सेलमध्ये म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला ६० रीडिंग, म्हणजे एक मिनिट. दहा लाख ठिपके काढले तरी डोळ्याला ते दिसणारच नाहीत, एकावर एक बसणार. तर त्या ६० आकड्यांचं काय करायचं ते सांगा, सरासरी काढू का सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा दाखवू?

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं कागदावर करून कॅमेऱ्यासमोर धरलं. मोटर ८ अँपिअर घेतेय, मध्येच दोन सेकंद २० अँपिअर घेतले, काहीतरी अडकलं असणार. त्या मिनिटाची सरासरी? ५८ सेकंद ८ नी आणि २ सेकंद २० नी, बेरीज ५०४, भागिले ६०, उत्तर ८.४. म्हणजे चार्टवर एक छोटासा उंचवटा, मेंटेनन्सवाल्याची नजर त्यावर जाणारच नाही. तेच छोट्यात छोटा आणि मोठ्यात मोठा जोडणारी उभी रेघ काढली तर ८ पासून २० पर्यंत सुई उभी राहते, आंधळ्यालाही दिसेल. कारखान्यानं आम्हाला पैसे त्या दोन सेकंदांचेच दिलेत. कोड लिहायच्या आधी, लायब्ररीचं नाव घ्यायच्या आधी हा प्रश्न जो विचारतो तो तुमचा माणूस, बाकी त्याचा सीव्ही एक पानाचा असो नाहीतर चार पानांचा.

भोसरीच्या त्या प्रकारापासून आम्ही मुलाखतीत कोडी घालत नाही. दोन दिवसांचं छोटं काम देतो, त्याचे पैसे देतो (फुकट काम करून घेऊ नका राव, चांगली माणसं तिथेच पळतात), आणि काम ठरलेलं, खडकवासला साखळी. एका शीटमध्ये चार धरणांचा तीन महिन्यांचा रोजचा साठा, आणि ती शीट मी मुद्दाम खराब करून ठेवलीय. एका ठिकाणी पानशेतचा रकाना मोकळा. एका दिवशी टीएमसीच्या जागी टक्के भरलेले. वरसगाव तीन प्रकारे लिहिलंय. आणि सोबत एकच ओळ, पुण्यातल्या माणसाला पाण्याची परिस्थिती दिसली पाहिजे.

आता कोण काय करतं ते बघत बसणं हा माझा आवडता उद्योग झालाय. बरेच जण शीट जशीच्या तशी ओततात, मोकळा रकाना शून्य धरला जातो, आणि चार्टवर पानशेत एका दिवसात तळाला जाऊन दुसऱ्या दिवशी परत भरलेलं दिसतं. पानशेत एका दिवसात रिकामं झालेलं पुण्यानं एकदाच बघितलंय, १२ जुलै १९६१ ला, आणि ज्या घरातल्या आज्जीनं तो दिवस पाहिलाय तिथे हा चार्ट दाखवायची माझी तरी हिंमत नाही. काही जण रेघ तोडतात आणि लिहितात की या दिवसाची नोंद नाही, हे बरोबर. थोडे जण फोन करून विचारतात की हा आकडा टक्के आहे का टीएमसी, हे त्याहून बरोबर.

मिरजेच्या मुलीनं तर माझीच विकेट काढली. माझ्या डोक्यात या धरणांचं एक फार लाडकं चित्र होतं, चार पेट्या, पेटीची रुंदी म्हणजे क्षमता, आत निळा रंग चढेल तितके टक्के, म्हणजे निळं क्षेत्रफळ बरोबर पाण्याइतकं. मला वाटायचं काय भारी सुचलंय, आणि एक्सेलच्या मेनूत असलं काही नाही म्हणजे अस्सल कस्टम. ती म्हणाली, सर, क्षेत्रफळाची तुलना लोकांना नीट जमत नाही, एका रेषेवर उभ्या केलेल्या पट्ट्यांची उंची लगेच कळते. हे नुसतं तिचं मत नव्हतं, क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये माणसांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं, एका पट्टीवरची जागा आणि लांबी ओळखायला माणूस पक्का, कोन आणि क्षेत्रफळात कच्चा. मग तिनं काय केलं, तर टीएमसीच्या एकाच मापावर चार उभ्या पोकळ पट्ट्या, पट्टीची उंची म्हणजे क्षमता, आत भरलेला भाग म्हणजे आजचं पाणी. बस. खडकवासल्याची पट्टी एवढीशी, कोपऱ्यात अंग चोरून उभी, काठोकाठ भरलेली, आणि शेजारी वरसगाव माडासारखं उंच. बघणाऱ्याला दोन सेकंदात कळतं. आणि वर म्हणते कशी, "हे ई-चार्ट्समध्येच होईल, यासाठी डी३ कशाला?" कस्टमचे पैसे घ्यायला आलेली मुलगी कस्टम नको म्हणतेय म्हटल्यावर मी त्याच संध्याकाळी तिला ऑफर पाठवली.

आपल्याकडचा म्हणून एक खास घोळ आहे, आकड्यांचा. या लायब्रऱ्या मुळात हजार-मिलियनच्या हिशेबानं बनलेल्या, स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर पडतो. डी३मध्ये आकडा आखूड करायची जी तयार सोय आहे ती शास्त्रज्ञांची, त्यात अब्जाला इंग्रजीतला जी लागतो, गिगावाला. एका क्लायंटच्या स्क्रीनवर २०० कोटींची उलाढाल "२जी" अशी झळकली आणि त्यांच्या अकाउंटंटनं विचारलं की हे मोबाईलचं काय मध्येच. लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम टाकायची सोय आहे, एक छोटं सेटिंग असतं, पण ते लावायचं असतं हे बाहेरच्या डेव्हलपरला सांगावं लागतं. मराठी अक्षरं चार्टवर हवी असतील तर वेलांट्या-मात्रा वरखाली कापल्या जात नाहीत ना, तेही मोबाईलवर उघडून बघा. रंगांचं एकच सांगतो, चांगलं-वाईट दाखवायला नुसता हिरवा-लाल वापरू नका, कित्येक पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, आणि शॉप फ्लोअरवर बहुतेक पुरुषच असतात. निळा-नारिंगी घ्या नाहीतर सोबत खूण द्या.

माणूस शोधायचा कुठे? अपवर्क, टॉपटल, लिंक्डइन हे सगळ्यांना माहितीच आहे. या कामासाठी मी आधी गिटहब आणि ऑब्झर्व्हेबल या कोड ठेवायच्या साइट बघतो, तिथे लोक अर्धवट प्रयोग टाकून ठेवतात आणि खरा हात त्यातच दिसतो, पोर्टफोलिओत सगळेच नटून बसलेले असतात. आणि रिमोट म्हणजे परदेशच असं काही नाही. सांगली, नाशिक, रत्नागिरीला घर सोडून यायची इच्छा नसलेली भारी पोरं बसलीत, हिंजवडीच्या ट्रॅफिकचं नाव काढलं की त्यांना परत निर्णय पटतो. परदेशी घेणार असाल तर घड्याळ बघून घ्या. पोलंड आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार, म्हणजे दुपारनंतर निवांत बोलता येतं. न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा तास, तिथे तुमची रात्र नाहीतर त्याची पहाट जाणार. चार्टच्या कामात हे जास्त टोचतं, कारण "ही रेघ जरा जाड, तो आकडा जरा वर" हे ईमेलवर सांगताना दोन्हीकडची डोकी तापतात, स्क्रीन शेअर करून पंधरा मिनिटांत संपतं. रोज एक तास तरी दोघं जागे हवेत.

क्लायंटचा खरा डेटा बाहेर द्यायचा नाही हे तर आलंच, माणसांची नावं-नंबर असतील तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची पण टांगती तलवार. पण मग लोक काय करतात, डमी म्हणून गुळगुळीत, सुंदर डेटा देतात आणि आमच्यासारखे भोसरीत तोंडावर पडतात. डमी डेटा खऱ्याइतकाच मोठा आणि खऱ्याइतकाच घाणेरडा बनवा, तशीच भोकं, तशाच सुया.

पैशाचं टप्प्याटप्प्यानं ठरवा आणि टप्पा म्हणजे "चार्ट झाला" असं मोघम नको, "एका दिवसाचा बारा मशीनचा डेटा आमच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर तीन सेकंदांत उघडतो" असं लिहा. टीडीएस, जीएसटी, बाहेरच्या देशातून सेवा घेतली तर रिव्हर्स चार्ज (म्हणजे त्यावरचा जीएसटी तुम्हीच भरायचा), हे आधी सीएला विचारा, नंतर नाही. वापरलेल्या लायब्रऱ्यांची यादी लायसन्ससकट मागून घ्या. डी३ मोकळी आहे, म्हणजे कोणीही फुकट वापरावी, पण हायचार्ट्स ही लायब्ररी धंद्यासाठी वापरायचं तर पैसे पडतात, आणि मॅपबॉक्सच्या नकाशाच्या लायब्ररीनं २०२० च्या डिसेंबरात दुसऱ्या आवृत्तीपासून मोकळं लायसन्स बंद केलं, त्यानंतर लोकांनी जुन्या कोडवरून मॅपलिब्रे सुरू केलं.

आणि कोड कोणाचा, हे. पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं कंपनीचं असतं, पण फ्रीलान्सरनं लिहिलेला कोड, तुम्ही पूर्ण पैसे दिले तरी, त्याचाच राहतो, जोवर तो लेखी तुमच्या नावे करत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम १७ आणि १९. त्यात अजून एक पाचर आहे, कागदावर मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी मिळाला असं धरतात, आणि कुठल्या देशात ते लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता. आमच्या पहिल्या करारात यातलं काहीच नव्हतं, कुठून तरी उतरवलेली दोन पानं होती. भोसरीच्या त्या प्रकारानंतर सहा महिन्यांनी मी त्या मुलाला फोन केला, म्हटलं तुझ्या कोडमधला अर्धा भाग अजून वापरतोय, जरा कागद नीट करू. तो मोकळेपणानं हो म्हणाला, कागद कुरिअरनं गेले, सही होऊन आले, आणि सोबत चिठ्ठीवर त्यानं विचारलं होतं, शेवटी किती रीडिंग होती हो?